कन्कशन म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द आला कुठून?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. रंगपंचमीला आमच्या चिरंजीवांनी (यत्ता अकरावी) तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारला. ज्यांना नाशिकची रहाड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत, वर्षभर बुजवून ठेवलेले असतात. रंगपंचमीला उघडायचे, पूजा करायची, रंग कालवायचा आणि काठावरून आत उडी ठोकायची. तोच धप्पा. ह्यानं उडी मारली आणि त्याच वेळी समोरच्या काठावरून दुसऱ्या कुणीतरी मारली. डोक्यावर डोकं आपटलं.

रक्त नाही, खोक नाही, कानाच्या वर एक टेंगूळ. वर ओढून काढल्यावर मित्रांना विचारतोय, "आपली उडी झाली का रे?" त्यांनी हो म्हटलं की दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला.

दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. कागदावर लिहून मिळालं 'कन्कशन'. म्हणजे काय विचारलं तर ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "डोक्याला मार लागलाय." तेवढं मलाही दिसत होतं! घरी सासूबाईंना सांगितलं, मुका मार आहे. त्या म्हणाल्या, "मुका मार पाठीला लागतो, मांडीला लागतो. डोक्यात कसला मुका मार?"

तर दोन प्रश्न. हा शब्द मुळात आहे काय आणि कुठला? आणि स्कॅन नॉर्मल असेल तर मग नक्की झालंय काय? पोरगा घरी आहे, बोलतो-चालतो नीट, पण डोकं दुखतंय म्हणतो आणि ट्यूबलाइट लावली की डोळे मिटून घेतो.

टाके_घालणारा

ताई, शब्दाचं नंतर. आधी कामाचं. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या पुन्हा पुन्हा होऊ लागल्या, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, आकडी आली, एक हात किंवा पाय लुळा वाटला, बोबडं बोलू लागला, हाक मारून उठेना, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळलं, यातलं एक जरी दिसलं तरी इथे प्रतिसादांची वाट न बघता सरळ पुन्हा इमर्जन्सीला. रात्रीचे तीन वाजले असले तरी. डोक्यात उशिरा होणारा रक्तस्राव हा वेगळा आणि गंभीर प्रकार असतो, त्याच्यावर नजर ठेवायची.

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनानं नको. आणि "डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका" असं कुणी सांगेल तर ऐकू नका. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलंय ना, मग झोपू दे. झोप हवीच आहे त्याला.

आता अर्थ. मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे त्याचं काम काही काळ बिघडणं म्हणजे कन्कशन. काम बिघडतं, रचना मोडलेली दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, साकळलेलं रक्त दिसतं, सूज दिसते. पेशींच्या पातळीवरचा गोंधळ त्यात दिसत नाही. म्हणून स्कॅन नॉर्मल येणं हे 'काही झालं नाही'चं सर्टिफिकेट नव्हे, 'रक्तस्राव नाही'चं आहे.

(मी न्यूरोवाला नाही. जनरल सर्जन होतो, आता निवृत्त. पण मुंबई-आग्रा रस्त्यालगत आयुष्य काढल्यावर डोकी बरीच बघितली.)

गल्ली_क्रिकेटर

कन्कशन म्हणजे तेच ना, ज्याच्यामुळे दुबेच्या जागी हर्षित राणा आला? ३१ जानेवारी २०२५, गहुंजे, इंग्लंडविरुद्ध चौथी टी-ट्वेंटी. मी स्टेडियममध्ये होतो. बॅटिंग करणारा गेला आणि फास्ट बोलर आला, वर तीन विकेट काढल्या. इंग्लंडचा कप्तान बटलर चिडला ते काही उगाच नाही. कन्कशन झालेल्याच्या जागी 'जशास तसा' खेळाडू द्यायचा असा नियम आहे, दुबे आणि राणा जशास तसे कधीपासून झाले?

देशी_फिरकी

आणि २०२०ला कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला, चहल आला, तोही तीन विकेट घेऊन सामनावीर. आपलं नशीब या नियमात फार चालतं :)

टाके_घालणारा

यापेक्षा २०१९ची लॉर्ड्सची कसोटी आठवा. इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या मानेजवळ लागला. तपासणी झाली, पास झाला, पुन्हा येऊन बॅटिंग केली, ९२ वर आउट झाला. लक्षणं दुसऱ्या दिवशी आली! डोकं जड, गरगरल्यासारखं. मग त्याला बसवलं आणि लाबुशेन आला. कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू तो. नियम त्याच महिन्यात लागू झाला होता.

सांगायचा मुद्दा, लक्षणं काही तासांनी, कधी एका दिवसानंतरही उमटतात. ताई, म्हणूनच पोरगा पहिल्या संध्याकाळी ठीक वाटला तरी भरवसा ठेवायचा नसतो.

सगळं_संस्कृतातून

शब्दाचा उगम सोपा आहे. 'कम्' म्हणजे संस्कृतात डोकं. कोणताही कोश उघडून बघा. 'कषण' म्हणजे घासणं, घर्षण. कं + कषण = कंकषण = कन्कशन. डोक्याला डोकं घासलं की कंकषण. आपल्याकडून गेलेला शब्द आपल्यालाच इंग्रजी म्हणून विकतात.

पॉपकॉर्न_घेऊन_बसलोय

आले! आता रंगणार धागा.

शब्दांच्या_मागे

'कम्' म्हणजे डोकं हे कोशात आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या शब्दात मुळात डोकंच नाही, तिथेच ही व्युत्पत्ती कोसळते.

लॅटिनमध्ये 'क्वातेरे' असं क्रियापद आहे, अर्थ हलवणं, झटकणं. त्याच्यापुढे 'कोन्' हा उपसर्ग लागला की उच्चार बदलून 'कोन्कुतेरे' होतं. 'कोन्'चा मूळ अर्थ 'सोबत, एकत्र', पण इथे तो जोर दाखवायला आलाय: गदगदा हलवणं, मुळापासून हादरवणं. त्याचं नाम 'कोन्कुस्सिओ'. रोमन लोक हा शब्द भूकंपालाही वापरत. इंग्रजीत तो इसवी सन १४००च्या आसपास आला तो निव्वळ 'हादरा' याच अर्थानं. मेंदूचा हादरा हा खास अर्थ सोळाव्या शतकात चिकटला. म्हणजे आधी जमीन हलली, डोकं बऱ्याच नंतर.

दुसरा पुरावा त्याची भावंडं. 'पर्कशन'मध्ये तेच क्वातेरे आहे, पुढे 'पर्' लागलाय: ठोकणं, आदळणं. आपला नाशिक ढोल हे अस्सल पर्कशन. तिथे 'कम्' कुठून आणणार? आणि तिसरं भावंड आपण इथे करतोय ते, 'डिस्कशन'. 'दिस्' म्हणजे अलग, हलवून हलवून सुटं करणं. 'रेस्क्यू'सुद्धा त्याच घराण्यातला आहे, फ्रेंचमार्गे आलेला: झटकून सोडवणं.

अवांतर: चर्चेसाठी त्यांनी हलवण्याची क्रिया निवडली आणि आपण कुटण्याची. 'खल करणे' आठवा. खल म्हणजे औषध घोटायचं ते दगडी भांडं. आणि 'कीस पाडणे' म्हणजे तर थेट किसणीच. आपल्या चर्चांचा स्वभाव शब्दातच उतरलाय म्हणायचं.

सगळं_संस्कृतातून

'कोन्' म्हणजे आपला 'सम्' च ना पण? कॉन्फरन्स म्हणजे संमेलन, कन्फ्लुअन्स म्हणजे संगम. आता बोला.

शब्दांच्या_मागे

अर्थ जुळतो, म्हणूनच भाषांतर करताना 'सम्' सर्रास वापरतात आणि ते बरोबरही आहे. पण नातं तिथलं नाही. संस्कृत 'सम्'चा नातेवाईक ग्रीकमधला 'होमो' (सारखा, एकच) आहे, लॅटिन 'कोम्' वेगळ्या मुळातून येतो. शेजारी सारखे कपडे घालतात म्हणून भाऊ होत नाहीत. मात्र तुमच्या सम् वर कन्कशनला एक सुंदर संस्कृत प्रतिशब्द तयार मिळतो: 'संक्षोभ'. सम् म्हणजे जोर, क्षुभ् म्हणजे खवळणं, ढवळून निघणं. घडण अगदी कोन्कुस्सिओसारखी. फक्त सासूबाईंना संक्षोभ झालाय म्हणून सांगू नका, पोरगा चिडलाय असं समजतील.

वैद्य_पंचवटीकर

संक्षोभ नको. आपल्याकडे नेमका शब्द आहे 'शिरोभिघात'. चरकसंहितेत सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात हृदय, बस्ती (मूत्राशय) आणि शिर ही तीन मर्मं सगळ्यांत महत्त्वाची सांगितली आहेत आणि प्रत्येकाला मार लागल्यावर काय होतं ते दिलंय. डोक्याच्या बाबतीत मान धरणं, डोळे भिरभिरणं, मोह म्हणजे भान हरपणं, हालचाल जाणं, वाचा जाणं किंवा अडखळणं, तोंड वाकडं होणं अशी लक्षणं आहेत. डॉक्टरांनी वर दिलेली यादी पुन्हा वाचा, किती जुळतात बघा.

टाके_घालणारा

वैद्यराज, जुळतात हे खरं. पण तोंड वाकडं होणं, हालचाल जाणं ही कन्कशनची लक्षणं नव्हेत, ती त्याच्या पुढची आहेत. चरकांचा शब्द डोक्याच्या सगळ्याच माराला कवेत घेतो. कन्कशन त्यातलं सर्वांत सौम्य टोक. हे टोक वेगळं काढायला वैद्यकाला बराच वेळ लागला. दहाव्या शतकाच्या सुमारास अल-राझी या इराणी वैद्यानं ते बाकीच्या माराहून वेगळं मांडलं असं मानतात. मग १२९६च्या सुमारास मिलानचा शल्यवैद्य लानफ्रांक, त्यानं लिहिलं की हा हादरा कवटी न फुटताही बसतो आणि त्याची लक्षणं लवकर ओसरू शकतात.

सोळाव्या शतकात आम्ब्र्वाझ पारे हा फ्रेंच शल्यविशारद येतो. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. १५५९च्या जूनअखेर फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री घोड्यावरच्या भाल्यांच्या खेळात उतरला. समोरच्याचा भाला मोडला आणि त्याच्या चिलप्या राजाच्या डोळ्यात घुसल्या. पारेला बोलावलं, ब्रसेल्सहून शरीररचनेचा मोठा जाणकार वेसालियस आला. दहा-अकरा दिवसांनी राजा गेला. शवविच्छेदनात कवटी फुटलेली नव्हती. रक्त साकळलं होतं ते डोक्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिथे लागलं त्याच्या विरुद्ध बाजूला! राजाचा मामला अर्थातच कन्कशनच्या फार पुढचा होता. पण हाड शाबूत असताना आतला मेंदू हादऱ्यानं बिघडतो हे त्यात ढळढळीत दिसलं.

शब्दांच्या_मागे

डॉक्टर, वा! यात एक गंमत जोडतो. पारेच्या फ्रेंच भाषेत आजही या दुखण्याला 'कोमोसिओं' म्हणतात, कन्कशन नाही. कारण फ्रेंचमध्ये 'कन्कशन' म्हणजे सरकारी माणसानं पदाचा धाक दाखवून पैसे उकळणं. हे थेट रोमन कायद्यातून आलंय. तिथे 'कोन्कुस्सिओ' हा गुन्हाच होता: माणसाला भीती घालून इतका हलवायचा की खिशातले पैसे बाहेर पडले पाहिजेत. इटलीच्या दंडसंहितेत ३१७वं कलम आजही 'कोन्कुस्सिओने' याच नावाचं आहे.

सातपूर_एमआयडीसी

म्हणजे आमच्या युनिटला दर दिवाळीला कन्कशन होतं :(

पॉपकॉर्न_घेऊन_बसलोय

+१. आणि त्याचाही स्कॅन नॉर्मल येतो.

तोफखान्यातला

धागा उशिरा पाहिला. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत बरीच वर्षं होतो, त्यामुळे हे दोन्ही शब्द माझ्या रोजच्या वापरातले. गोळा लक्ष्यावर आदळताच फुटावा यासाठी पुढे जो फ्यूज बसवतात तो पर्कशन फ्यूज. आणि तोफ डागल्यावर जो हवेचा दणका छातीत आणि कानात बसतो त्याला आम्ही कन्कशन म्हणायचो. डोक्याला काही लागायची गरज नाही, हवाच ठोकते. शेजारी उभं राहिलं तर दात वाजतात.

पहिल्या महायुद्धात यावरूनच मोठा घोळ झाला. खंदकातले सैनिक थरथरायला लागले, वाचा जायची, अंगावर एक ओरखडा नसायचा. सुरुवातीला डॉक्टरांना वाटलं की जवळ गोळा फुटल्यानं मेंदूला कन्कशन झालंय. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. नंतर लक्षात आलं की कित्येक जण गोळ्याच्या जवळपासही नव्हते. मनाला बसलेला धक्का कुठला आणि मेंदूला बसलेला कुठला हे वेगळं करता येईना. ते कोडं अजूनही पूर्ण सुटलंय असं मला तरी वाटत नाही.

आणि नाशिकचा धागा आहे म्हणून हे सांगणं भाग आहे. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द म्हणजे आपलं देवळाली. मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहावं लागे. उन्हाळा, काम नाही, दारू आणि ताप. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

भगूर_स्टेशन

म्हणजे डोकं फिरण्याच्या इंग्रजी शब्दकोशाला नाशिक जिल्ह्याचं योगदान आहे. पाटी लावली पाहिजे स्टेशनवर.

गोदाकाठची

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना भूकंपाचं सांगितलं, त्यांना ते पटलं. पण डॉक्टरकाका, मला अजून डोळ्यासमोर येत नाहीये. गोटा नारळ हलवला की आतलं खोबरं खुळखुळतं, तसं काही होतं का?

टाके_घालणारा

उपमा छान आहे, निम्मी बरोबर आहे. बरोबर हे, की मेंदू कवटीला घट्ट चिकटलेला नाही. साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा गोळा, भोवती पातळ द्रव, त्यात तो तरंगतो. चुकीचं हे, की तो खोबऱ्यासारखा कडक नाही. फार मऊ आहे. त्यामुळे खुळखुळण्यापेक्षा ताणला-पिळला जाणं जास्त महत्त्वाचं. डोकं सरळ रेषेत थांबलं तर त्रास कमी, झटक्यात वळलं तर जास्त. गोल फिरताना बाहेरचा थर आणि आतला भाग एका वेगानं फिरत नाहीत, मग त्यांच्यामधले लांबलचक चेतातंतू ओढले जातात.

ओढले गेले की पेशींच्या भिंतीतली दारं अवेळी उघडतात. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते पुन्हा जागेवर आणायला पेशी पंप चालवत बसतात, त्याला भरपूर ग्लुकोज लागतं. आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. मागणी वाढलेली, पुरवठा घटलेला. म्हणून थकवा, उजेड-आवाज नकोसा होणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं. ही सगळी उलाढाल रसायनांची आहे, सीटीत दिसणार कशी?

आणखी एक. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, ही समजूत सोडा. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. तुमच्या मुलाचं "आपली उडी झाली का रे?" हेच पक्कं लक्षण. नवी आठवण तयार होणं काही काळ थांबलं होतं.

द्वारका_सर्कल_पीडित

डॉक्टर, कागदावर 'जीसीएस १५/१५' लिहिलेलं असतं ते काय? गेल्या वर्षी आपल्या नाशकातल्या द्वारका सर्कलच्या खड्ड्यात गाडीवरून पडलो तेव्हा माझ्याही कागदावर होतं. पैकीच्या पैकी मार्क बघून बायको म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा."

टाके_घालणारा

ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी काढलं. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. काहीच प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात, शून्य नाही. १३ ते १५ म्हणजे सौम्य मार, कन्कशन त्यातच मोडतं. १५ पैकी १५ असूनही कन्कशन असू शकतं, त्यामुळे वहिनींचं कौतुक थोडं आवरतं घ्यायला सांगा.

द्वारका_सर्कल_पीडित

हेल्मेट होतं बरं का डोक्यावर. २०२१च्या १५ ऑगस्टला नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा पंपावर उसनं हेल्मेट घालून रांगेत उभे राहणारे बघितलेत मी. पुढचा पेट्रोल भरून निघाला की तेच हेल्मेट मागच्याच्या डोक्यावर. तेव्हापासून स्वतःचं घेतलंय. तरीही दोन आठवडे डोकं भणभणत होतं. मग हेल्मेटचा उपयोग काय?

टाके_घालणारा

उपयोग हा, की तुम्ही इथे टंकताय. आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जातो आणि दणका स्वतः घेतो. कवटी फुटत नाही, रक्तस्रावाचा धोका बराच उतरतो. पण डोक्याचा झटक्यानं होणारा पिळा हेल्मेट पूर्ण थांबवू शकत नाही, म्हणून कन्कशन होऊ शकतं. आणि ज्या हेल्मेटनं एकदा जोराचा मार खाल्लाय ते बदला. तो थर एकदाच चेपला जातो, परत फुलत नाही.

शब्दांच्या_मागे

डॉक्टर, एक शंका. कागदांवर कधी 'कन्ट्यूजन' असतं. लोक दोन्ही एकच समजतात.

टाके_घालणारा

फार मोठा फरक. कन्ट्यूजन म्हणजे मेंदू प्रत्यक्ष चेचला गेलाय, तिथे रक्त उतरलंय. ते सीटीत दिसतं, आणि पेशंटला दाखल करून लक्ष ठेवावं लागतं. नातेवाइकांनी फोनवर एकाच्या जागी दुसरं सांगितलं की गावाकडची सगळी मंडळी ट्रॅक्स भरून येतात. शब्दाचं तुम्हीच सांगा.

शब्दांच्या_मागे

लॅटिन 'तुन्देरे' म्हणजे कुटणं. कन्ट्यूजन कुटल्यामुळे, कन्कशन हलल्यामुळे. मराठीत पहिल्याला 'चेचणे' आणि दुसऱ्याला 'हादरणे' ठेवलं तर गोंधळ संपतो. म्हणूनच 'मुका मार' मला इथे बसत नाही, तो आपण बहुधा चेचलेल्या मांसालाच म्हणतो, वरून जखम नसलेल्या. सासूबाईंचं म्हणणं रास्त होतं. माझं मत 'मेंदूला हादरा'. आघात नको, मेंदूचा आघात म्हटलं की लोकांना लकवा आठवतो.

वैद्य_पंचवटीकर

शिरोभिघातावर माझं मन आहेच. पण रोजच्या बोलण्यात 'मेंदूला हादरा' चालेल.

गल्ली_क्रिकेटर

ताई, पोरगा सीझन बॉल खेळतो ना? प्रॅक्टिसला कधी जाऊ शकेल? आमच्या वेळी कोच म्हणायचा पाणी मार तोंडावर आणि उभा राहा.

टाके_घालणारा

तो कोच भेटला तर माझ्याकडे पाठवा. पहिलं कन्कशन बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीव जाऊ शकतो. फार क्वचित होतं. पण झालं तर हाताशी वेळ राहत नाही.

पद्धत अशी: पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल जवळजवळ बंद. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायचं नाही, हा जुना सल्ला आता मोडीत निघालाय. दोन दिवसांनी घराजवळ चालायला जाऊ दे, गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी न्या. त्रास फार वाढत नसेल तर थोडा अभ्यास, मग कॉलेज अर्धा दिवस, मग पूर्ण. खेळ त्याच्यानंतर. आधी हलकं पळणं, मग एकट्यानं सराव, मग डॉक्टरांची लेखी परवानगी घेऊन नेट, शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षणं परत आली की एक पायरी मागे. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, या वयाच्या मुलांना महिना लागू शकतो. महिन्यानंतरही डोकं दुखत राहिलं तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

गोदाकाठची

खूप आभार काका. आज ट्यूबलाइट चालली त्याला, तासभर पुस्तकही वाचलं. कॉलेजचा पेपर मात्र पुढच्या आठवड्यात आहे. सुट्टीचा अर्ज मराठीतून द्यायचाय आणि कार्यालयातल्या बाई म्हणतात, "स्कॅन नॉर्मल आहे ना, मग अर्ज कसला?" काय लिहू?

शब्दांच्या_मागे

असं लिहून बघा:

"विनंती की, माझा मुलगा रंगपंचमीच्या दिवशी डोक्यास मार लागून जखमी झाला. त्याच्या मेंदूस हादरा बसला असून वैद्यकीय कागदपत्रांत 'कन्कशन' अशी नोंद आहे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव अथवा अस्थिभंग आढळलेला नाही. तथापि या दुखण्यात मेंदूचे कार्य काही काळ मंदावते व ते स्कॅनमध्ये दिसून येत नाही. सलग वाचन, प्रखर उजेड व गोंगाट यांमुळे त्याचा त्रास वाढतो. तरी आगामी चाचणी परीक्षा त्यास नंतर देण्याची मुभा मिळावी, तसेच डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत मैदानी खेळांतून सूट मिळावी."

टाके_घालणारा

मजकूर उत्तम. 'मैदानी खेळ' बरोबर 'शारीरिक शिक्षणाचा तास'ही घाला, नाहीतर पीटीला पळवतील. आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत देऊ नका, पुढच्या तपासणीला तीच लागणार आहे.